मुरायच्या आधी काढलेला बांबू

दवाखान्याच्या नव्या, बांबूच्या हॉलमध्ये झाडायला बाई होती, तरी शेवटच्या खांबाखालची फरशी मिस्त्री स्वतः झाडायचा. सगळ्यांच्या आधी यायचा, पिवळसर पूड सुपलीत भरायचा आणि कुणी बघायच्या आत बाहेर टाकायचा. ती कसली पूड, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बांबूत किडा शिरला की आतून पोखरतो आणि भुसा खाली टाकतो.

त्या सकाळी डॉक्टरीणबाई त्याच्याही आधी आल्या. सोबत खोटं छत बसवणारा छतवाला, पांढऱ्या तक्त्याचा नमुना काखेत मारून.

"मिस्त्री, हे काय?" बाईंनी चपलेच्या टोकानं पूड दाखवली.

"भुसा."

"म्हणजे कीड. पेशंट आधीच विचारतात, बाई, हा मंडप कधी काढणार? आता मी ऐकणार नाही. खांबांना लोखंडी पाइपांचा आधार देऊ आणि छपराखाली तक्ते ठोकून बांबू झाकू."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई," छतवाला म्हणाला. "आत काय आहे ते कुणाच्या बापाला कळतंय?"

मिस्त्रीच्या मस्तकात तिडीक गेली. हा हॉल त्याच्या बायकोनं कागदावर काढला होता. ती काढायची, तो उभं करायचा. तिचा हट्ट एकच, बांबू उघडा ठेवायचा. दिसला तर त्याचं दुखणं कळतं. झाकला तर छप्पर डोक्यात आल्यावरच कळतं. म्हणून प्रत्येक खांब चार बांबूंचा, आणि चारांतला कुठलाही एक सुटा काढता येईल असा. हा तिचा शेवटचा हॉल. छप्पर चढायच्या आधीच ती गेली.

मेहुणी शिडी घेऊन आत आली. बहिणीचं आराखड्यांचं टेबल आता तीच सांभाळत होती. तिनं पूड बोटावर घेतली.

"भावोजी, आपण सगळे बांबू औषधाच्या हौदात मुरवले होते ना? मग कीड लागली कशी?"

बांबू विकणाऱ्यावर ढकलता आलं असतं. मिस्त्रीची जीभ रेटली नाही.

"हा मुरला नव्हता. मीच लवकर काढला. तिचे हात थरथरायला लागले होते. एक तरी गाठ माझ्या हातची असू दे म्हणाली. बांबू मुरेपर्यंत थांबलो असतो, तर गाठ मारायला ती नसती."

मेहुणीनं वर पाहिलं. काथ्याची गाठ जराशी तिरकी बसली होती.

"आणि तुम्ही रोज खालची पूड झाडत बसलात?"

"हो."

"ताईनं कामावरून हाकललं असतं तुम्हाला."

"हाकललंच असतं."

डॉक्टरीणबाईंचा आवाज उतरला. "मिस्त्री, मग माझं ऐका. पाइपांनी आधार देऊ, तक्त्यांनी झाकून टाकू. गाठ आत तशीच राहील. कुणी हात लावणार नाही."

मिस्त्रीनं वर गाठीकडे पाहिलं. गाठ राहील. याहून जास्त त्याला काय हवं होतं? पण बायकोनं जन्मभर ज्याला नाही म्हटलं, त्यातच तिची गाठ पुरायची?

"नाही," तो म्हणाला आणि शिडी खांबाला लावली.

"अहो, छप्पर खाली येईल!"

"तुमच्या चार नर्समधली एक रजेवर गेली तर दवाखाना बंद करता का? तिघी ओढतात, नवी येईपर्यंत."

छतवाला तक्त्यासकट दारापर्यंत मागे सरकला.

मिस्त्रीनं नटबोल्ट काढले. गाठ मात्र सुटेना. नखं दुखली, बोटं सोलली.

"भावोजी, मी कापू?"

"नको."

त्यानं सुरी लावली. काथ्या कटकन तुटला आणि बांबू खांद्यावर आला, पोखरून पोखरून हलका झालेला. छप्पर जागचं हललं नाही.

"बरं," बाईंनी श्वास सोडला. "तक्त्यांचं नंतर बघू."

"नंतर नाही, आत्ताच. तक्ते लागणार असतील तर अख्खा हॉल उतरवून नेतो. सुटा होतो तो."

"धमकी देताय? आणि पुन्हा कीड लागली तर?"

"तर पूड खाली पडेल, तुम्हाला दिसेल. मला बोलवा, शिव्या घाला, मी बदलून देईन. तक्त्यांच्या वर पडली तर कुणाला बोलवाल?"

बाई वर बघत राहिल्या. मग छतवाल्याकडे वळल्या. "तुम्ही या आता."

मिस्त्री बांबू घेऊन मागच्या अंगणात गेला. मेहुणी मागोमाग धावली. "निदान गाठीजवळचा तुकडा तरी ठेवू या हो!"

"आणि किडा घरात नेऊ?"

त्यानं जाळ केला. धड राहिलेली पेरं तापली आणि फाडफाड फुटायला लागली. एका नर्सनं खिडकी उघडली. "मिस्त्री, पेशंट दचकतायत!"

"दचकू दे!" तो ओरडला. धुरानं की कशानं, डोळे वाहत होते. ते न पुसताच त्यानं बदलीसाठी रचलेल्या ढिगातून पुरता मुरलेला बांबू ओढला आणि खांद्यावर घेतला.

"गाठ कोण मारणार?" मेहुणीनं विचारलं.

"तू."

"माझी सैल बसते."

"मग घट्ट बसेपर्यंत मार," मिस्त्री म्हणाला. "चल, दुसरं टोक धर."