अंदमानला गेलेला उरवड्याचा फुगा

मित्रांनो, मी एक जुना नारिंगी फुगा आहे. वाढदिवसाचा नव्हे हां! टाचणीला घाबरणाऱ्या त्या फुग्यांशी माझी तुलना मला मुळीच खपत नाही. मी जाड नायलॉनचा आहे. हवा भरली की चांगला सहा फूट उभा राहतो आणि हवा काढली की गुंडाळी होऊन पाणबुड्याच्या खिशात बसतो. पाणबुड्या बोटीपासून लांब कुठेतरी वर आला, तर त्याचं एवढंसं डोकं लाटांमध्ये कुणाला दिसणार? मग तो मला फुगवून उभा करतो. मी लांबून दिसतो आणि बोट येते. एवढंच माझं काम.

आता तुम्हाला वाटेल, हा समुद्राकाठी जन्मला असेल. छे! मी मुळशीचा. उरवड्याच्या एका लहानशा कारखान्यात रत्नाबाईंनी मला घडवलं. कापडाच्या कडा गरम पट्टीखाली दाबून चिकटवायच्या, हे त्यांचं काम. तिथल्या बायका त्या जोडाला शिवणच म्हणत आणि मला म्हणत पडवळ! मला भारी राग यायचा. पण रत्नाबाईंच्या शिवणीतून एक बुडबुडा कधी सुटला नाही. टाकीत बुडवून माल तपासणारा साहिल म्हणायचा, "मावशी, तुमचा माल तपासायची गरजच न्हाई." त्यावर त्या डोळे वटारायच्या, "गुमान तपास." समुद्र मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्यांची लेक क्षितिजा हिंजवडीला नोकरी करते आणि मारुंजीत खोली घेऊन राहते. ती समुद्रात बुडी मारायला शिकली आणि ऑफिसातल्या मनीषबरोबर अंदमानला निघाली. रत्नाबाईंचे धाबे दणाणले. "धरणात पवतीस ती काय कमी हाय का?" क्षितिजा हसली, "अगं आई, सगळी काळजी घेतात तिथं." रत्नाबाईंना कुठलं पटायला! त्यांनी कारखान्याच्या साहेबांना विचारून स्वतःच्या हातच्या फुग्याला, म्हणजे मला, लेकीसाठी मागून आणलं. घट्ट गुंडाळलं आणि वर काळा दोरा बांधला. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. "नजर नगं लागाया," म्हणाल्या. अहो, मला कोण नजर लावतंय! पण आईचं मन ते.

अंदमानात बुडीला नेणाऱ्या सरांनी बोटीवर सगळ्यांना बजावलं, "प्रत्येक जोडीने आपला फुगा एकदा उघडून बघा." क्षितिजाने मला बाहेर काढलं. काळा दोरा बघून तिला लाज वाटली. भोवती सगळी शहरातली मंडळी, काय म्हणतील? तिने दोऱ्याची बाजू आत वळवली आणि मला पुन्हा खिशात कोंबलं. "बघितला सर," म्हणाली. चक्क खोटं! पण मला विचारतंय कोण?

मग आम्ही पाण्यात उतरलो. काय सांगू तुम्हाला! पाणी कोमट आणि निळंशार. खाली पोवळ्यांचे खडक पसरलेले, काही फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे, काही सांबराच्या शिंगांसारखे. त्या जागी पोहायचंही नसतं. प्रवाहच माणसाला उचलून नेतो. आपण नुसतं वाहत जायचं, सरांच्या मागे राहायचं, आणि सरांनी दोरीला बांधून वर तरंगत ठेवलेल्या फुग्याच्या मागोमाग बोट येते. खिशाच्या फटीतून मी सगळं बघत होतो. चोचीच्या तोंडाचा एक हिरवा मासा पोवळं कुरतडत होता आणि त्याची कुरकुर मला ऐकू येत होती. 

तेवढ्यात एका खडकाआड कासव दिसलं. क्षितिजा आणि मनीष ते बघायला थांबले. जरासेच हो! पण खडकाआडून निघाले तर प्रवाहाने दोघांना खडकाच्या भलत्याच बाजूला नेलं. सर दिसेनात, बाकीचे दिसेनात. अशा वेळी मिनिटभर शोधायचं आणि सावकाश वर यायचं, असा नियम असतो. तसे ते वर आले. बोट केवढी लांब! सरांच्या फुग्यामागे ती दुसरीकडेच निघाली होती.

"फुगा काढ, क्षितिजा! लवकर!" मनीष ओरडला. जोडीत एकच फुगा होता आणि तो मी.

तिने मला ओढून काढलं. दोरा भिजून गच्च झाला होता. तिची बोटं गाठीवरून नुसती घसरत होती. मनीषने शिट्टी फुंकली, पण इंजिनाच्या आवाजात ती कुणाला ऐकू जाणार? "चाकूने कापू?" त्याने विचारलं. "नको, फुगा फाटेल!" तिने सरळ दात लावले. लाट तोंडावर यायची, ती खोकायची, पुन्हा दात लावायची. बोट लहान लहान होत चालली. मी आतून तडफडत होतो. हवेवाचून मी म्हणजे नुसती चिंधी! पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. तिसरी काही केल्या सुटेना. "आई गं," म्हणत तिने जो हिसडा दिला, तो दोराच तुटला.

मग तिने जीव खाऊन फुंकलं आणि मी उभा राहिलो. चांगला सहा फूट! बोट तशीच पुढे गेली. आणखी पुढे गेली. आणि मग वळली! मनीष वेड्यासारखा हसत सुटला, क्षितिजा रडत सुटली, आणि माझ्या जिवात जीव आला.

घरी आल्यावर रत्नाबाईंनी मला हातात घेतलं. "दोरा कुटं हाय गं?" क्षितिजा "पडला" म्हणून मोकळी झाली असती. पण तिने सगळं सांगितलं. रत्नाबाईंनी मला मांडीवर ठेवलं. "म्हंजी म्या माझ्याच हातानं तुला..."

क्षितिजा त्यांच्याजवळ बसली. "आई, गाठ तुझ्या हातची होती, पण शिवणही तुझ्याच हातची होती. उघडून न बघता खोटं बोलले ती मी."

रत्नाबाईंनी मला उचलून तिच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "फुगव बगू माझ्यासमोर."

क्षितिजाने मला अंगणात फुगवलं. रत्नाबाईंनी शिवणीला कान लावला आणि खालपासून वरपर्यंत ऐकत गेल्या. लेकीचा श्वास आत भरलेला होता आणि कुठून एवढासाही निसटत नव्हता. त्या मला मिठी मारून रडल्या. खरं सांगतो, तेवढं हायसं मला बोट वळली तेव्हाही वाटलं नव्हतं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. माझा रंग उतरला, पण प्रत्येक प्रवासाआधी मायलेकी मला उघडतात, फुगवतात आणि मगच खिशात घालतात. मित्रांनो, तुमच्याही घरात अडचणीला लागणाऱ्या वस्तू असतील. बॅटरी असेल, शिट्टी असेल, औषधाची पेटी असेल. त्यांना कितीही मायेनं बांधून ठेवलंत, तरी मधूनमधून सोडून बघा. वेळेला तुमच्या हाताशी आलो आणि उघडलोच नाही, याच्याइतकं वाईट आम्हाला कशाचंच वाटत नाही हो.