डाव्या बाजूचा खटका

पवित्राचा जबडा वाजतोय हे रुद्राणीच्या ध्यानात आलं ते जेवताना. दोन हजार एक सालची दिवाळी नुकतीच झाली होती. पेठ वडगावातल्या घरी मायलेकी जेवत होत्या, आणि पोरीनं घास चावला की डाव्या कानापाशी टक् असा आवाज यायचा. पवित्रा सोळा वर्षांची. सात महिन्यांपूर्वी तिच्या दातांना तारा बसवल्या होत्या. दर महिन्याला एसटीनं कोल्हापूरला जायचं आणि राजारामपुरीत डॉ. बिद्रेंकडं त्या आवळून घ्यायच्या.

"कधीपासनं वाजतंय गं?"

"असंच हाय की, अव्वा," पवित्रा म्हणाली आणि ताटात बघत राहिली.

आठवड्याभरात दुखणं वाढलं. तोंडात दोन बोटं जाईनात. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागली. शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, "तारा जादा आवळल्या असणार. तोंड वाकडं होतंय बघ." तेव्हापासून रुद्राणी लेकीची हनुवटी धरून चेहरा उजेडात न्याहाळायची. डावा गाल खाली उतरलाय का? कालच्यापेक्षा जास्त?

डॉ. बिद्रेंनी दोन्ही कानांपुढं बोटं टेकवून तोंड उघडायला लावलं. "सांध्याला सूज आहे. तारांना अडकवायची रबरं महिनाभर बंद. मऊ खायचं, कोमट शेक द्यायचा."

"तारांनीच झालंय न्हवं हे?"

"तसं म्हणता येणार नाही. कारणं पुष्कळ असतात."

एवढं बोलताना त्यांनी पवित्राकडं एकदा पाहिलं, आणि पवित्रानं मान खाली घातली. रुद्राणीनं ते टिपलं. हा माणूस काहीतरी दडवतोय, आणि पोरीला गप्प बसवलंय यानं.

तिनं मिरजेच्या एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "तारा लावण्याआधी सांधा वाजत होता का, ते पहिल्या दिवशीच्या कार्डावर असेल. ते बघा."

दुसऱ्याच दिवशी, नंबर न लावता, रुद्राणी लेकीला घेऊन राजारामपुरीत हजर. "पयल्या दिवसाचं कार्ड दावा."

डॉक्टरांनी कार्ड काढून दिलं. मॅट्रिक झालेल्या रुद्राणीनं इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचली. सगळं निळ्या शाईत. शेवटची ओळ तेवढी काळ्या: डावा सांधा, आवाज येतो.

"ही ओळ तुमी आत्ता लिवलीया! शाई येगळी हाय."

"त्याच दिवशी लिहिलीय. तुम्ही खाली गेल्यावर."

"खोटं बोलायलायसा!"

"अव्वा, मीच सांगितलंतं त्यांना." पवित्राला रडू फुटलं. "तू बाबांना कामावर फोन कराय खाली बूथवर गेलतीस तवा. त्याच्या आदल्या सालच्या मे महिन्यात मी वर्गातल्या तमन्नाच्या स्कूटीवरनं पडलेती. हनुवटी दगडावर आपटली. तवापासनं वाजतंय. गाडीला हात लावायचा न्हाई म्हणून तू शपथ घातलीतीस. अव्वाला सांगू नका म्हणून मी हात जोडलं."

रुद्राणीनं कार्ड टेबलावर ठेवलं. पण राग मावळला नाही, तो वळला फक्त. "पोरगी सोळा वर्साची. तिनं सांगू नका म्हटलं, आणि तुमी गप्प बसलासा?"

"चुकलं माझं," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा नुसता आवाज होता, दुखत नव्हतं. तरी तुम्हाला सांगूनच तारा लावायला हव्या होत्या."

परतीच्या एसटीत पवित्रा बोलणी खायच्या तयारीनं बसली होती. शिरोली मागं पडल्यावर रुद्राणीनं विचारलं, "लई लागलंतं का गं?"

"रगात आलंतं."

"आणि एकटीनं सोसलंस."

डॉक्टर तिनं बदलला नाही. झोपताना दातांवर घालायची एक पट्टी त्यांनी करून दिली, जबड्याचे व्यायाम शिकवले. संक्रांतीपर्यंत दुखणं गेलं. आवाज थोडा राहिला. तो राहील, असं डॉक्टरांनी या वेळी दोघींसमोर सांगितलं. तारा निघेस्तोवर आणखी दीड वर्ष गेलं. तेवढे दिवस रुद्राणी एकदाही बाहेर बसली नाही. खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायची आणि प्रत्येक खेपेला म्हणायची, "काय लिवलं ते मोठ्यानं वाचा."