उपासाला चालतं का?

इरीनी बाजारातून आली तेव्हा जिन्यात नबविया भेटली, आणि भेटली ती मान फिरवून. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एरवी ही बाई पहिल्याच पायरीवर तिच्या हातातली पिशवी हिसकावून घ्यायची, वर "एवढासाच मुळा आणलास? चिकटच आहेस बाई," म्हणून चेष्टा करायची. आज भिंतीला चिकटून वरच्या मजल्यावर निघून गेली.

"अगं नबविया, काय झालं?"

"तुझ्या नवऱ्याला विचार!" वरून आवाज आला आणि दार लागलं.

नबवियाचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. गेल्या आठवड्यात तिचा धाकटा भाऊ मरझूक गावाहून इथे, इजिप्तमधल्या मिनिया शहरात आला होता, तो बहिणीला कायमची घेऊन जायलाच. एकटी मुसलमान बाई, खाली ख्रिस्ती बिऱ्हाड, तुझ्याकडे बघणार कोण, हा त्याचा एकच धोशा. "ते लोक आपल्या हातचं खातसुद्धा नाहीत," असंही म्हणाला होता. त्यावर नबवियानं त्याला चांगलंच झापलं होतं. "तुला काय कळतंय? ती माझी माणसं आहेत. थांब, दाखवतेच तुला."

आणि आज सकाळीच वाणी हसत हसत इरीनीला म्हणाला होता, "तुमची वरची शेजारीण येऊन गेली. रव्याचा गोड बसबूसा उपासाला चालेल असा करायचा तर काय घालू म्हणून विचारत होती. तुपाऐवजी तेल आणि दह्याऐवजी संत्र्याचा रस, तीनदा खात्री करून घेतली बाईनं." ते ऐकून इरीनी दिवसभर मनातल्या मनात फुलली होती.

स्वयंपाकघरात तिचा नवरा वहीब भिंग घेऊन बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचत बसला होता. ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता. पंचावन्न दिवस दूध, तूप, अंडं, मांस काही नाही. वहीब तो असा कडक पाळायचा, की दुधाची पावडर कुठल्या पुड्यात लपलीय हे दुकानदार त्याला विचारायचे. चर्चमध्ये तो स्तोत्रं म्हणायचा. आवाज भारी गोड. संध्याकाळी सरावाला बसला, की नबविया वरची खिडकी उघडायची आणि घरी कोणी पाहुणे असले तर त्यांना गप्प करायची. "ऐका, आमचा वहीबभाऊ गातोय."

"वरून कोणी आलं होतं?" इरीनीनं विचारलं.

"तिचा भाऊ आला होता. बसबूसा घेऊन."

"मग?"

"मग काय? रव्याच्या वड्या त्या, तूप नि दही असणारच. म्हटलं, आमचा उपास आहे. इतकी वर्षं डोक्यावर राहता, अजून कळत नाही का तुम्हा लोकांना? आणि दार लावलं."

"ताटावरचं फडकं तरी उचललंस?"

"कशाला उचलू? वासानं मोह होतो."

इरीनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे देवा, या माणसाला स्तोत्रं पाठ किती, आणि अक्कल काडीची नाही! "तेलात केला होता तो! तुझ्यासाठी! तुझा उपास मोडू नये म्हणून त्या बाईनं वाण्याचं डोकं खाल्लं. आणि आणला कोणी? मरझूकनं. ज्याला दाखवायचं होतं त्याच्याच तोंडावर तू दार आपटलंस!"

वहीब खजील झाला. "मग त्यानं सांगायचं ना, तेलातला आहे म्हणून."

"ऊठ. वर चल आणि माफी माग."

वरचं दार मरझूकनं उघडलं. मागून नबविया आली, डोळे लाल. वहीबनं मान खाली घातली. "ताई, चुकलं माझं. न बघता बोललो."

तेवढ्यावर ती विरघळली. अशीच होती ती. "असू दे, असू दे, भाऊच ना तुम्ही," म्हणत लगबगीनं आत गेली आणि बशीत एक वडी घेऊन आली. "बाकीचा यानं रागानं गच्चीत कबुतरांना घातला. ही एक लपवली होती मी. घ्या."

वहीबनं हात पुढे केला. मनगटावर लहानपणी गोंदलेला क्रूस, त्याच्याखाली ती बशी. आणि हात मध्येच थांबला.

"ताटाला... म्हणजे ज्यात भाजलं, त्याला तूप नव्हतं ना लावलं?"

इरीनीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मरझूक खो खो हसला. "विचारा ना, विचारा! शपथसुद्धा घालून घ्या तिला!"

"अहो, तसं नाही," वहीब गडबडला, "पण देवाचं असतं ना हे..."

इरीनीनं वडी उचलून अख्खी तोंडात कोंबली. "काय सुंदर झालीय गं," ती म्हणाली.

नबवियानं रिकाम्या बशीकडे पाहिलं. "वहीबभाऊ, अठरा वर्षांत मी तुमच्याशी एकदा तरी खोटं बोलले?"

तिनं दार लावून घेतलं, हळूच.

जिना उतरताना वहीब म्हणाला, "खरंच तेल होतं का गं?" इरीनी त्याला मागे टाकून भराभर खाली गेली.

घरी आल्यावर तो नेहमीसारखा सरावाला बसला. शुक्रवारी त्याला मोठं स्तोत्र म्हणायचं होतं. पहिली ओळ त्यानं उचलली, आणि काय सांगावं, आज आवाज कधी नव्हे इतका लागला होता. इरीनी मुळा चिरायचं थांबली आणि वर कान लावून राहिली.

वरची खिडकी धाडकन बंद झाली. मग थोड्या वेळानं छतावरून पलंग सरकवल्याचा आवाज आला, आणि त्याखालची नबवियाच्या लग्नातली, सामान भरून आणलेली लोखंडी पेटी कोणीतरी ओढत बाहेर काढली.