खुंट्यापासून एक लीग

त्या वर्षी क्यूबाचे सहा प्रांत मोडून चौदा करायचे ठरले. आमच्या मोजणी पथकाच्या वाट्याला नव्या सीमेवरचे एकतीस बिंदू आले होते. आठवा बिंदू कासिल्दा आजीच्या घराजवळ होता, आणि तिथपर्यंत पोचता पोचताच माझे बूट फाटले होते.

नकाशावर सीमा सरळ असती तर काम दोन दिवसांचं होतं. पण आमच्याकडच्या जुन्या सीमा गोल आहेत. राजाच्या काळात गुरांसाठी जमीन द्यायची, तर एक खुंटा रोवायचा आणि त्याच्याभोवती एक लीग, म्हणजे चार हजार दोनशे चाळीस मीटर, त्रिज्येचं वर्तुळ फिरवायचं. हे झालं कोराल. पुढे कोरालचा परगणा झाला, परगण्याचा तालुका झाला, आणि आता तालुक्याच्या कडेवरून प्रांताची सीमा जाणार होती. आदेशात एवढंच लिहिलं होतं: ‘कोराल सान हेरोनिमोच्या खुंट्यापासून एक लीग.’

खुंटा अजून उभा होता. त्यावरून मोजलं तर आजीचं घर वर्तुळाच्या अकरा मीटर बाहेर पडत होतं.

“बाहेर म्हणजे काय गं?” आजीने विचारलं. ती स्वयंपाकाच्या झोपडीच्या दारात तांदूळ निवडत होती. दुखऱ्या गुडघ्यांना केळीची पानं बांधलेली.

“म्हणजे तुम्ही पलीकडच्या प्रांतात. तुमचं रेशन लास कुएवासला.”

“नदीपलीकडे? चौदा किलोमीटर?” तिने समोरच्या वळणाकडे हात केला. रेशनचं दुकान तिथेच होतं, तीनशे पावलांवर. “एवढं जाता येतानाच माझा जीव अर्धा होतो. तिकडून तेल-तांदूळ कोण आणणार? तुझी दुर्बीण?”

माझे वरिष्ठ फेर्मीनकाका गालात हसले. चाळीस वर्षं मोजणीची साखळी ओढून त्यांची पाठ कमान झाली होती. ते आजीला लहानपणापासून ओळखत. “कासिल्दा, पोरीवर चिडू नकोस. वर्तुळ तिने नाही काढलं.”

“मग पुसायला तरी शिकव तिला.”

थोड्या वेळाने आजीच म्हणाली, “तो खुंटा आमच्या सेकुंदिनोने रोवलाय. अडतीस साली. आधीचा कुजला होता.”

सेकुंदिनो म्हणजे तिचा नवरा, नऊ वर्षांपूर्वी गेलेला. मी वही उघडली. “जुन्याच खड्ड्यात रोवला?”

“जुन्या खड्ड्यात कोण रोवतं? माती सैल असते, खुंटा हलतो. बाजूला नवा खड्डा घ्यायचा. त्याच्या बापानेही तसंच केलं होतं.”

मी काकांकडे पाहिलं. त्यांना कळलं मी काय म्हणणार ते, आणि त्यांनी डोळे मिटले.

“ओदालिस, आदेशात खुंटा म्हटलंय. खुंटा आहे. झालं.”

“तीनशे वर्षांत तो किती चालला असेल, काका?”

“माझ्याहून कमीच.”

तरी आम्ही खुंट्याशी जाऊन आजूबाजूला खणलं. तांबड्या मातीत कुजलेल्या खुंट्याचा डाग काळा राहतो. दुपारपर्यंत तीन डाग सापडले, एका ओळीत, प्रत्येक पुढचा थोडा कोरड्या चढाकडे. सगळ्यात जुन्यात दगडांची पाचर होती आणि हिकी नावाच्या चिवट लाकडाचा मनगटाएवढा तुकडा. मला वाटलं होतं, जुनं केंद्र आजीच्या बाजूला निघेल आणि घर आत येईल. ओळ उलट्या दिशेला जात होती. खुंटा दर वेळी सरकला तो आजीच्याच घराकडे. जुन्या खड्ड्यापासून मोजलं तर घर अकरा नव्हे, एकतीस मीटर बाहेर.

काकांनी फावडं उचललं आणि डागावर माती लोटायला लागले.

“काका, थांबा.”

“का? अकरावर भागत नाही तुझं?”

“आत्ताचा खुंटा आणि सगळ्यात जुना खड्डा, दोन्ही अहवालात जाणार. वरचे लोक कुठला धरतील ते त्यांनी ठरवावं.”

“वरचे लोक!” ते दांड्यावर रेलले. “अगं, राजाच्या माणसाने ही लीग घोड्यावर बसून ओल्या दोरीने मोजली असेल. दोरीच वीस मीटर आखडली असेल. आणि तुला खड्डा हवाय.”

हे खरं होतं, म्हणूनच जास्त थकायला झालं. पण दोरी कुणाला सापडणार नव्हती. खड्डा मला सापडला होता.

परत येऊन मी आजीला सगळं सांगितलं.

“म्हणजे सेकुंदिनोने आणि त्याच्या माणसांनी खुंटा वीस मीटर ओढत आणला,” ती म्हणाली. “जमेल तेवढं केलं त्यांनी. राहिलेलं आपण करू. मला एक सांग, पत्ता कुठला धरतात? मी रांधते तो, की झोपते तो?”

“झोपता तो. खाट असते ती जागा.”

“मग ही खोली उचला. ताडाच्या फळ्या आणि पानांचं छप्पर, काय जड आहे? किती उचलायची? बारा मीटर?”

काका माझ्याकडे बघत होते. बारा म्हटलं असतं तर सगळे आनंदाने घरी गेले असते.

“पस्तीस,” मी म्हणाले. “म्हणजे कुठलाही खड्डा धरला तरी तुम्ही आत.”

“आणि चूल?”

“चूल मातीची आहे, आजी. ती नाही उचलता येणार.”

रविवारी शेजारी तीन बैलजोड्या घेऊन आले. खोलीखाली दोन वासे सारले, दोर बांधले. बारा मीटरवर सगळे थांबले, घाम पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, पुरे की!” मी मान हलवली. एक बैल खाली बसला. काका त्याला म्हणाले, “ऊठ बाबा. सायन्स आहे हे.”

संध्याकाळच्या आत खोली पस्तीस मीटरवर टेकली. मी तिथला आकडा घेतला, तीनदा तपासला.

निघताना आजीने कॉफी केली. चुलीपासून खोलीपर्यंत ती वाटेत दोनदा थांबली, एकदा गुडघ्यासाठी, एकदा श्वासासाठी. मी पुढे होऊन कप घ्यायला गेले तर हात झटकला.

“बस तू. रोज तू येणार आहेस का घ्यायला?”

कॉफी कोमट झाली होती. काका एक घोट घेऊन म्हणाले, “परप्रांतातून आलीय. वेळ लागणारच.”

आजी हसली नाही. ती उंबरठ्यावर बसून दुकानाकडे बघत होती. तिथलं अंतर आता थोडं कमी झालं होतं, आणि चुलीचं वाढलं होतं. मी मनात दोन्हींची वजाबाकी करत राहिले. मग काकांनी साखळी खांद्यावर घेतली. पुढे अजून तेवीस बिंदू होते.