मी लाल झालो ती पहाट

मी ट्रॅक्टरचा हीटर प्लग बोलतोय. बोटाएवढा जीव, इंजिनाच्या डोक्यात आटे पिळून बसवलेला, त्यामुळे तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. पण आज मला गप्प बसवत नाही. गेल्या थंडीतली ती पहाट आठवली की अजून माझ्या पोटातली तार शिवशिवते.

माझा जन्म साधा. कारखान्यात एका बारीक नळीत तारेचं वेटोळं भरलं, की झालो मी. आम्ही तिघे भाऊ एकाच छोट्या ट्रॅक्टरला लागलो, प्रत्येकाकडे एक सिलेंडर. डिझेलला ठिणगी नको असते, गरम हवा हवी असते. थंडीत ती हवा तापवणं हे आमचं काम. किल्ली डावीकडे फिरवायची, मनात एखादा श्लोक म्हणेपर्यंत थांबायचं, तोवर आम्ही आत लालबुंद. मग किल्ली उजवीकडे, की इंजिन लगेच बोलतं. मात्र हे सगळं अंधारात. आमचं लाल होणं कुणाला दिसत नाही, याची मला पहिल्यापासून खंत होती.

आमचा ट्रॅक्टर माळव्यात देवासजवळच्या एका गावात कुसुमावतीबाईंच्या घरी आला. त्यांचं घराणं मराठा दरबाराबरोबर इकडे आलेलं. तलवारी कधीच गेल्या, पण दसऱ्याची शस्त्रपूजा राहिली. तलवारींच्या जागी आता कुदळ, पाने-पक्कड आणि आम्ही. त्यांचा मुलगा धीरज फार हौशी. पूजेआधी त्याने सगळं इंजिन चंदेरी ऑइलपेंटने रंगवलं. आम्हा तिघांना वीज पोचवणारी एक पट्टी आमच्या डोक्यांवरून जाते. ती त्याने खोलली, दोन्ही बाजूंनी रंगवली, आमच्या डोक्यांवरही ब्रश फिरवला आणि सगळं वाळल्यावर नट आवळून टाकले. वरून हळदकुंकू. नवरदेवासारखे चमकत होतो आम्ही. रंगातून वीज जात नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

थंडी पडली. किल्ली डावीकडे फिरली, पण आमच्यापर्यंत काही आलंच नाही. स्टार्टर नुसता गरगरला, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला, इंजिन ढिम्म. शेजारचे उमाशंकर बघायला आले नि लांबूनच म्हणाले, "भिया, हीटर तो गए इसके. ढलान पे खड़ा करा करो, लुढ़का के चालू हो जाएगा."

झालं. ट्रॅक्टर नाल्याकाठच्या उतारावर उभा राहू लागला. सकाळी ब्रेक सोडायचा, खाली घरंगळत जायचं, गिअर टाकायचा. आम्ही जिवंतपणी मेलेल्यांत जमा. दसऱ्याला मात्र रंगाचा नवा थर न चुकता चढायचा. राग यायचा मला, पण काढणार कुणावर?

मग धीरजची बायको होऊन उर्वशी घरात आली. माहेर मनावर गावचं, वडिलांचं बॅटऱ्यांचं दुकान. गेल्या वर्षी तिने हट्ट धरला की विहिरीजवळच्या रानात गहू नको, बटाटा लावू. कुसुमावतीबाईंनी जन्मभर तिथे गहूच पाहिलेला. "तुझ्या भरवशावर लावतोय हो सूनबाई," एवढंच त्या म्हणाल्या. बटाटा असा तरारून आला की उर्वशी रोज बांधावर जाऊन उभी राहायची.

आणि पाला पडणार अशी बातमी आली. पाला म्हणजे दंव गोठतं आणि एका पहाटेत कोवळी पानं काळी पडतात. पिकाला पाणी मिळालं तरच ते तगतं. त्यात गावचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, विहिरीवरची मोटर बंद. म्हणून धीरजने संध्याकाळी ट्रॅक्टर विहिरीपाशी नेऊन त्याला पंप जोडला आणि बंद करून तो घरी आला. तिथे उतार नाही, हे त्याला पहाटे आठवलं.

पहाटे बांधावरचं गवत पांढरं व्हायला लागलं होतं. धीरजने किल्ली फिरवली. धूर. पुन्हा फिरवली, पुन्हा धूर. बॅटरी दमत चालली. त्याने डिझेलमध्ये चिंधी बुडवली.

"अहो, हवेच्या तोंडाशी जाळ नका नेऊ, फिल्टर पेटेल," उर्वशी म्हणाली.

"मग काय करू? हीटर तर केव्हाचेच खराब आहेत."

"चेक कुणी केले?"

"उमाशंकर भिया बोलले होते."

"बोलले होते. चेक कुणी केले?"

धीरजने चिंधी खाली टाकली. उर्वशीने दोन तारा लावलेला छोटा बल्ब आणला. पट्टीकडे येणाऱ्या तारेला तो टेकवला तर पेटला, माझ्या डोक्याला टेकवला तर नाही. तिने पट्टी काढली, नखाने खरवडली, नि चंदेरी पापुद्रा निघाला.

"करंट इथपर्यंत येतोय. पुढे तुमचा रंग आडवा आहे."

मग तिने मला पिळून बाहेर काढलं, पकडीत धरलं आणि बॅटरीच्या तारा लावल्या. वीज आली! किती वर्षांनी! माझं टोक आधी काळसर, मग गुलाबी, मग लाल झालं, आणि त्या गारठ्यात तीन माणसं वाकून मला बघत होती. चहाची किटली घेऊन आलेल्या कुसुमावतीबाई म्हणाल्या, "अगं बाई, हा तर जिवंत आहे की." मला रडता येत असतं तर तेव्हा रडलो असतो.

मधला भाऊ मात्र लाल झाला नाही. तो खरंच गेला होता. आम्ही दोघं पुरे म्हणून उर्वशीने त्याच्यासकट आम्हाला परत बसवलं, धीरजने पॉलिश पेपरने पट्टी आणि आमची डोकी घासून लख्ख केली. किल्ली डावीकडे गेली. धीरज सवयीने लगेच उजवीकडे वळवणार, तोच उर्वशीने त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांबा. तापू द्या त्यांना."

आम्ही जीव खाऊन तापलो. इंजिन एकदा खोकलं, दोनदा अडखळलं आणि धडधडू लागलं. पाणी सरीत धावलं. ऊन आलं तेव्हा बांधाकडची एक कड काळी पडली होती, बाकी सगळं रान हिरवं होतं. उर्वशी चिखलातच बसून हसत होती.

तुमच्या दारात ट्रॅक्टर असेल तर एवढं ऐका. आम्ही गेलो असं कुणी म्हटलं तर आधी तपासा, आणि किल्ली डावीकडे फिरवल्यावर जरा दम धरा.

परवा दसरा झाला. मधल्या जागी आता नवा भाऊ आहे. धीरजने हौसेने रंग दिला, पण आमच्यावर आधी टेप गुंडाळली आणि रंग वाळल्यावर ती काढून टाकली. कुसुमावतीबाई ताट घेऊन आल्या. "तो लाल झालेला कोणता गं?" उर्वशीने मला दाखवलं. त्यांचं कुंकवाचं बोट माझ्याकडे आलं.

"आई, त्याला काही लावू नका. कोरडाच राहू द्या."

बोट थांबलं. ते कुंकू त्यांनी चाकाला लावलं आणि माझ्यासमोर नुसते हात जोडले. इतके दसरे माझी पूजा झाली, पण माझ्यापर्यंत पोचली ती हीच.