जाळीतला भंडारा

जयाबाईचा हात सढळ. चहात साखर घालायची तर दोन चमचे जास्त, नवऱ्याला डबा द्यायचा तर सबंध रिक्षा स्टँडला पुरेल इतका, आणि देवीपुढं हात जोडले की आख्ख्या गल्लीसाठी मागणं मागून मगच उठायची. "जरा बेतानं" हे दोन शब्द शामू तिला लग्नापासून सांगत आला होता. ते तिच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून कधी निघून जायचे, कळायचंही नाही.

अशा बाईच्या घरात कोर्टाचा हुकूम येऊन पडला. घरात म्हणजे शामूच्या मोबाईलवर. शहरातल्या दहा वर्षांपेक्षा जुन्या सगळ्या तीनचाकींची महिनाअखेरपर्यंत धुराची तपासणी करायची. पहिल्यांदा नापास झाली तर त्याच दिवशी आणखी एक संधी. दुसऱ्यांदाही नापास, तर परमिट रद्द आणि गाडी भंगारात. धुरानं पोरं खोकतायत म्हणून कुणीतरी कोर्टात गेलं होतं, आणि कोर्टानं ते चांगलंच मनावर घेतलं होतं.

खोकणाऱ्या पोरांबद्दल जयाबाईची काही तक्रार नव्हती. तिचा नातू समर्थ थंडी पडली की स्वतःच ढास लागून रात्र जागवायचा. पण पिरनवाडीच्या स्टँडवरची शामूची डिझेल रिक्षा चौदा वर्षांची होती. तिच्यावर थोरलीचं लग्न झालं, धाकटी प्रियदर्शनी नर्सिंगला गेली. शामू साठीला टेकलेला. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि नवं शिकायची हौस तर मुळीच नव्हती. रिक्षा गेली तर हा माणूस घरात बसून महिन्याभरात वाळून जाईल, असं जयाबाईला मनापासून वाटायचं.

"मी बी येणार," तपासणीच्या दिवशी सकाळी तिनं जाहीर केलं.

"तू यून काय करणार गं? मशीन तुला बघून पास करणार हाय व्हय?"

"मी आल्याबिगर तुमचं कधी काय झालंय?"

शामूनं मागची सीट झाडली आणि जयाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली.

कॅम्पात चिंचेच्या झाडांखाली तपासणीची गाडी उभी होती, आणि तिच्यापुढं रिक्षांची रांग पार कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेली होती. बेळगावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या रिक्षा त्या दिवशी तिथं जमल्या होत्या, अशीच ती गर्दी होती. कॉम्प्युटरवर एक चष्मेवाली पोरगी बसली होती, सुनयना तिचं नाव. ती कन्नडमध्ये "मुंदं बर्री" म्हणायची, की एक रिक्षा पुढं सरकायची. मग तिचा माणूस सायलेन्सरमध्ये नळी घालायचा, ड्रायव्हरला रेस करायला लावायचा आणि पडद्यावर आकडा उमटायचा. पासष्टच्या आत आला तर पास.

शामू टोकन आणायला गेला. बंद केली तर पुन्हा सुरू व्हायला ही गाडी नखरे करायची, म्हणून इंजिन चालूच ठेवून गेला. तेवढ्यात पुढं गलका झाला. त्यांच्याच स्टँडवरचा परशराम नापास झाला होता. आकडा चौऱ्याहत्तर. परशराम डोक्याला हात लावून फुटपाथवर बसला, आणि ते बघून जयाबाई पिशवी घेऊन रिक्षातून खाली उतरली.

आता इथं जयाबाईची एक गोष्ट सांगायला पाहिजे. दर अमावस्येला ती रिक्षाची पूजा करायची. चाकाखाली लिंबू, हँडलला हार, पुढं नारळ, आणि शेवटी यल्लम्माच्या डोंगरावरून आणलेला भंडारा. तो ती पुढच्या काचेवर उधळायची, चाकांवर उधळायची, आणि मागं जाऊन इंजिनाशेजारच्या जाळीत एक मूठ सोडायची. इंजिन इथनंच श्वास घेतं, असं शामूनं तिला कधीतरी सांगितलं होतं. जिथनं श्वास जातो तिथनंच देवी आत गेली पाहिजे, हे तिचं गणित. रोज ट्रकांच्या गर्दीतून जाणारा नवरा संध्याकाळी धडधाकट घरी येतो तो कशामुळं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा तिनं पिशवीतली पुडी काढली आणि मागं गेली. नेहमीची एक मूठ आज पुरणार नाही, हे तर उघडच होतं. कोर्टाचा मामला. तिनं इकडंतिकडं बघितलं, "आई, आज सांभाळ" म्हणाली आणि सगळीच्या सगळी पुडी जाळीत रिकामी केली. चालू इंजिनानं ती हां हां म्हणता ओढून घेतली. जयाबाईला लई बरं वाटलं.

दहा मिनिटांनी शामूचा नंबर आला. त्यानं रेस केली, आणि सायलेन्सरमधून असा काळा लोट निघाला की बेकरीवाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

"एक्क्याऐंशी," सुनयना म्हणाली. "काका, नापास."

"असं कसं? अवो, कालच सांजच्याला मी..." शामू बोलता बोलता थांबला. त्यानं मागं वळून बायकोकडं बघितलं. जयाबाईच्या बोटांची टोकं पिवळीधम्मक होती.

"अर्धा तास आहे," सुनयना म्हणाली. "काही करायचं असेल तर करून या. यावेळी नाही झाली तर माझ्या हातात काही राहत नाही हो काका."

शामूनं रिक्षा ढकलत झाडाखाली नेली. मागचं झाकण उघडलं, फिल्टरचा डबा सोडवला आणि आतला कागदी फिल्टर बाहेर काढला. त्याची एकूणएक घडी हळदीनं गच्च भरली होती. श्वास घ्यायला सुई शिरेल एवढी जागा नव्हती.

जयाबाईला सगळं समजलं. चौदा वर्षं ज्याला ती राखण समजत होती, त्या भंडाऱ्यानंच गाडीचा गळा दाबला होता. ज्याच्या भीतीनं आज इथवर आलो, तेच आपण आपल्या हातानं करून बसलो, या विचारानं ती तिथंच दगडावर बसली.

"धूळ हाय," शामू म्हणाला. "कॅम्पात धूळ लई."

"मला कुक्कुलं बाळ समजताय व्हय?"

सीटखालच्या हत्यारांच्या पेटीतून शामूनं एक दात घासायचा जुना ब्रश काढला आणि फिल्टरची घडी न् घडी झाडू लागला. हात सराईत चालले होते. आधी उलटा धरून दोन टिचक्या, मग वरून खाली ब्रश, मग फुंकर. जयाबाई बघत राहिली. तिची नजर ब्रशवर गेली आणि तिथंच अडकली. ब्रशाचे केस मुळापासून शेंड्यापर्यंत पिवळे होते. दांडासुद्धा पिवळा पडला होता. एका दिवसाच्या हळदीनं ब्रश असा होत नाही.

"हे कधीपासनं?" तिनं विचारलं.

"काय?"

"ब्रश."

शामूनं फुंकर मारली. "दर अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. स्टँडवर. पहिल्या वर्षी मेस्त्रीनं दावलं, तवापासनं."

"चौदा वर्सं? आन् मला एका शब्दानं बोलला न्हाईसा?"

"काय बोलायचं? भंडारा टाकून झाला की तुझं त्वांड कसं हलकं हुतं, ठावं हाय का तुला? ते बघून मी भाईर पडतो. मला बी बरं वाटतंय." त्यानं फिल्टर उजेडात धरला. "झाडायला धा मिनटं लागत्यात. त्यात काय एवढं?"

जयाबाईला रडू आलं, आणि रडता रडता रागही आला. एवढी वर्षं ज्याला ती घुम्या म्हणून नावं ठेवत आली, तो माणूस दर महिन्याला गुपचूप तिची हळद झाडत बसला होता. तिनं पदरानं डोळे पुसले.

"आणा हिकडं तो ब्रश. तुमास्नी कोपरे दिसत न्हाईत."

उरलेल्या घड्या तिनं साफ केल्या. चष्मा नसतानाही एक कण ठेवला नाही. पुन्हा नळी घातली, शामूनं रेस केली, धूर निघाला तो चुलीत चिपाड पेटल्याएवढा.

"बावन्न," सुनयना म्हणाली आणि तिच्याही तोंडावर हसू आलं. "पास."

शामूनं आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बायकोच्या पाठीवर थाप मारली. ती लाजली, पण सरकली नाही.

परशराम पळत आला. "शामूअण्णा, काय केलासा वो? माझ्याकडं पाचच मिनटं हाईत."

"काय न्हाय. जरा धूळ..."

"धूळ न्हाय," जयाबाई मध्येच म्हणाली. तिची मान शरमेनं गरम झाली होती, पण परशरामचं तोंड बघवत नव्हतं. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, "भंडारा हुता. म्या टाकला, जाळीत. आख्खी पुडी. परशराम, तुझी बायकू गुणाबाई अमावस्येला काय करतीया?"

परशरामचं तोंड उघडंच राहिलं. मग रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि लगोलग एकेका रिक्षाची मागची झाकणं उघडू लागली. कुणाच्या फिल्टरात भंडारा, कुणाच्या गुलाल, कुणाच्या अंगाऱ्याची राख. काकतीच्या एका म्हाताऱ्याच्या डब्यात तर अख्खं लिंबू सापडलं. सुनयनानं चष्मा काढून डोळे पुसले आणि तपासणी दुपारपर्यंत थांबवली.

"आक्का, ब्रश द्या की तेवढा," परशराम म्हणाला.

"फिल्टर हिकडं आण, मी झाडून देते."

"मी झाडतो की. तुम्ही कशाला तरास घेतासा?"

जयाबाई रांगेतल्या सोळा रिक्षांपुढं सोळा वेळा वाकली, सोळा फिल्टर झाडले, पदर पिवळा करून घेतला. पण ब्रश तिनं कुणाच्या हातात दिला नाही.