विसरायचं औषध

“परत डावीकडे! बाराच्या बारा!” बाईंनी कपाळावर हात मारला.

टाकीतले मासे डाव्या कोपऱ्यात तोंडं वर करून खाण्याची वाट बघत होते. तांबडा दिवा लागला की डावीकडे जायचं, हा धडा बाईंनी त्यांना पंधरा दिवस घोटून शिकवला होता. आता पाण्यात औषध घालून तोच विसरायला लावायचा होता, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

“मामा, संध्याकाळी सर येतायत. आजही हे विसरले नाहीत तर प्रयोग बंद म्हणालेत. दोन वर्षं पाण्यात गेली माझी.”

“मलाच सोडा टाकीत,” मामा म्हणाले. “मीठ आणायला सांगितलं की साबण घेऊन येतो मी. औषधसुद्धा लागत नाही.”

बाई हसल्या नाहीत. मामा त्या प्रयोगशाळेचे शिपाई. सव्वीस वर्षं टाक्या धुवायच्या, काचा पुसायच्या आणि माशांना खाऊ घालायचं, हे त्यांचं काम. बायकोचा वाढदिवस चुकायचा, पण कुठल्या माशाची शेपटी फाटली आहे ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

“आणखी एकदा बघू,” बाई म्हणाल्या आणि वहीत तारीख घालू लागल्या.

मामांनी खाण्याचा डबा उचलून नेहमीसारखा टेबलावर दोनदा आपटला. दमट हवेने भुकटीच्या गुठळ्या व्हायच्या, त्या अशा मोडाव्या लागत. मग ते दिव्याच्या बटणाकडे वळले, तर मासे आधीच डावीकडे निघाले होते.

मामांनी हातातल्या डब्याकडे पाहिलं. बाईंची मान खाली होती, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. बोललं तर सर आपली उचलबांगडी करून बाटल्यांच्या कोठारात बसवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथे बोलायला एक जिवंत प्राणी नव्हता.

“बाई,” ते शेवटी म्हणाले, “हे तुमचा दिवा बघतच नाहीयेत. माझा डबा ऐकतात. एवढीशी पिल्लं होती ना, तेव्हापासून डबा वाजला की त्याच कोपऱ्यात खाणं पडतं.”

बाईंनी डब्याला हात न लावता नुसता दिवा लावला. औषधातले मासे ढिम्म. एक तर उजवीकडे फिरायला गेला. शेजारच्या टाकीतले, तोच धडा शिकलेले पण बिनऔषधाचे, मात्र शहाण्यासारखे डावीकडे आले. नवा धडा पुसला गेला होता. मामांचा डबा तेवढा हाडीमाशी खिळला होता.

“विसरले! मामा, विसरले हो!” बाई ओरडल्या. मामाही मनापासून हसले.

सरांनी त्यांना कोठारात पाठवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला होता: ‘प्रयोगाच्या वेळी मामांनी आत येऊ नये.’

“रागावू नका हं,” बाई ओशाळून म्हणाल्या. “सरांनी लावायला सांगितला.”

“रागवायचं काय त्यात? सव्वीस वर्षांत या इमारतीत माझ्याबद्दल लिहिलेला पहिलाच कागद आहे हा.”

बाई आत गेल्या, दार लागलं. मामांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. कागदाचा एक कोपरा सुटून लोंबत होता. मामांनी तो अंगठ्याने दाबला आणि नीट चिकटेपर्यंत तसाच धरून ठेवला.